हृदयाचे संप्रेरक, वंश आणि आपल्या कमरेचा घेर

गेल्या काही वर्षांत जळगाव-धुळ्याच्या पॅथॉलॉजी लॅबमधून येणाऱ्या रिपोर्टांत एक नवे नाव दिसू लागले आहे : एनटी-प्रोबीएनपी. दम लागतो, रात्री उशाला दोन-तीन उशा घ्याव्या लागतात, संध्याकाळी पायांवर सूज येते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञांनी ही तपासणी लिहून दिलेली असते. तपासणी स्वस्त नाही. रिपोर्ट हाती पडला, की घरची मंडळी आधी आकडा पाहतात, मग शेजारी छापलेली मर्यादा पाहतात. आकडा मर्यादेच्या आत असला तर "हार्ट एकदम ओके" असे जाहीर होते आणि बाहेर असला तर मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना फोन सुरू होतात.

पण ती शेजारी छापलेली मर्यादा ठरली कोणाच्या रक्तावरून? बहुतांशी अमेरिका व युरोपातील रुग्णांच्या. चोपड्याच्या केळी बागायतदाराच्या किंवा साक्रीच्या शेतमजुराच्या रक्तावरून ती ठरलेली नाही. मग ती आपल्याला जशीच्या तशी लागू पडेल काय? वेगवेगळ्या वंशांच्या माणसांत हृदयविकार कमीअधिक दिसतो, त्याच्याशी या आकड्याचा काही संबंध आहे काय? या विषयावर बरेच संशोधन झाले आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो.

हृदय हीसुद्धा एक ग्रंथीच

हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप, हे आपण शाळेत शिकलो. पण हृदय संप्रेरकही तयार करते, हे जगाला कळले १९८१ साली. कॅनडातील किंग्स्टन येथे ॲडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्या उंदरांच्या लघवीवाटे मीठ व पाणी भराभर बाहेर पडू लागले आणि रक्तदाब उतरला. पुढे १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना त्याच जातीचे दुसरे संप्रेरक डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून त्याच्या नावात 'ब्रेन'चा बी आला. नंतर लक्षात आले, की त्याचा मुख्य कारखाना हृदयाच्या खालच्या कप्प्यांत आहे. नाव मात्र मेंदूचेच चिकटून राहिले.

या संप्रेरकाचे काम समजण्यासाठी हतनूर धरण डोळ्यांसमोर आणा. वर पाऊस झाला, तापी-पूर्णेला पाणी आले, की पातळी वाढते आणि दरवाजे उघडावे लागतात. शरीरात मीठ-पाणी साठले, की हृदयाच्या भिंतींवर ताण येतो. ताण आला, की हृदय हे संप्रेरक रक्तात सोडते. ते मूत्रपिंडांना सांगते, मीठ-पाणी बाहेर टाका. रक्तवाहिन्यांना सांगते, सैल व्हा. मीठ धरून ठेवणारी, रक्तवाहिन्या आवळणारी जी दुसरी संप्रेरके शरीरात आहेत, त्यांच्या विरुद्ध बाजूला ते उभे राहते. हृदय कमजोर पडून ताण सतत राहिला, तर हे संप्रेरक रक्तात सतत जास्त सापडते. बीएनपी तयार होताना त्याचा एक तुकडा सुटून निघतो. तो रक्तात जास्त वेळ टिकतो. तोच एनटी-प्रोबीएनपी.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. ही हार्ट अटॅकची तपासणी नव्हे. छातीत दुखत असेल तर ईसीजी आणि ट्रोपोनिन या तपासण्या लागतात. एनटी-प्रोबीएनपीचा उपयोग मुख्यतः हार्ट फेल्युअर ओळखण्यासाठी, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडू लागला आहे काय हे पाहण्यासाठी होतो. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे असे अनेकांना वाटते, तेही चूक. दम लागलेला रुग्ण समोर आला, की तो दमा आहे की हृदयामुळे फुफ्फुसांत पाणी साचले आहे, हे नुसत्या स्टेथोस्कोपने सांगणे नेहमी सोपे नसते. अशा वेळी हा आकडा फार उपयोगी पडतो. तातडीच्या रुग्णात तो ३०० पिकोग्रॅमच्या आत असला, तर दम हृदयामुळे लागण्याची शक्यता फार कमी. ओपीडीत चालत आलेल्या रुग्णासाठी ही रेषा १२५ मानतात.

परंतु हा आकडा एकटा कधीच वाचायचा नसतो. वय वाढले की तो वाढतो. म्हणून तातडीच्या रुग्णात हार्ट फेल्युअर धरण्याची रेषा पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तरपर्यंत ९०० आणि त्यापुढे १८०० अशी चढत जाते. मूत्रपिंड अधू असले, ठोके अनियमित पडत असले तरी आकडा फुगतो. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा थोडा जास्तच असतो. आणि लठ्ठ माणसात? लठ्ठ माणसात तो कमी येतो. हृदय खरोखर कमजोर असूनही कमी येऊ शकतो. आजच्या विषयाची गोम इथेच आहे.

अमेरिकेत काय दिसले

अमेरिकेतील डलास शहर व परिसरातील नागरिकांच्या मोठ्या अभ्यासात असे आढळले, की कृष्णवर्णीय लोकांच्या रक्तात हे संप्रेरक गोऱ्या लोकांपेक्षा कमी असते. वय, वजन, रक्तदाब, मूत्रपिंडांचे काम या सगळ्यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरला. तिथल्या इतर अभ्यासांनीही हेच सांगितले. त्याच कृष्णवर्णीय समाजात उच्च रक्तदाब जास्त, लवकर आणि तीव्र, हार्ट फेल्युअरही जास्त. तेव्हा तर्क असा निघाला : मीठ बाहेर टाकणारे संप्रेरक मुळातच कमी, म्हणून शरीर मीठ धरून ठेवते, म्हणून रक्तदाब चढतो. तर्क पटण्यासारखा आहे. पण त्याच देशातील दुसऱ्या अभ्यासात चिनी वंशाच्या अमेरिकनांतही हे संप्रेरक गोऱ्यांपेक्षा कमी आढळले, आणि चिनी लोकांत हार्ट फेल्युअर मात्र सगळ्यांत कमी! म्हणजे एकट्या संप्रेरकावर सगळे खापर फोडता येत नाही. खाणे, काम, उत्पन्न, दवाखान्यापर्यंत पोचण्याची सोय, अपमान आणि भीती यांचा रोजचा ताण, हे सगळे त्या आकड्याभोवती असतेच.

वंशावर औषध देण्याचा प्रयोगही तिथे झाला. २००५ साली बायडिल नावाची गोळी तिथल्या औषध प्रशासनाने फक्त कृष्णवर्णीय हार्ट फेल्युअर रुग्णांसाठी मंजूर केली. गोळीत नवे काही नव्हते. हायड्रॅलझीन हे रक्तदाबाचे जुने औषध, आणि दुसरे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, म्हणजे आपल्याकडे कित्येक आजोबांच्या खिशात असते ती सॉर्बिट्रेट. गोळीने त्या रुग्णांना फायदा झाला हे खरे, पण चाचणीत गोरे रुग्ण घेतलेच नव्हते. मग ती 'कृष्णवर्णीयांची' गोळी कशी, असा वाद झाला आणि तो योग्यच होता. पुढे वारे बदलले. २०२१ साली मूत्रपिंडांची क्षमता काढण्याच्या सूत्रातून, आणि २०२३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयविकाराचा धोका मोजण्याच्या आपल्या नव्या सूत्रातून वंशाचा रकाना काढून टाकला.

मला स्वतःला हे पटते. कातडीचा रंग किंवा जातीचा दाखला ही रक्ताची तपासणी नव्हे. आपल्याच भागातले उदाहरण घ्या. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. तो खरोखर आनुवंशिक आहे, एकाच जनुकातल्या बदलामुळे होतो. पण तो आहे की नाही हे ठरवायला जात विचारून भागत नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन आधी सोल्युबिलिटी टेस्ट आणि मग खात्रीची तपासणी करावी लागते. पावरा असूनही नसेल, आणि पाटलाच्या घरातही एखाद्याला असेल. समाजाच्या नावावरून कुठे शोधायचे ते कळते. पण माणसाच्या अंगात काय आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

पुण्याचा तो फोटो

आता आपल्याकडे वळू. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासात भारतीय गट नव्हताच. ती उणीव भरून काढण्यासाठी २०१० साली सॅन फ्रान्सिस्को व शिकागो येथे राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून त्याचे नाव ठेवले 'मसाला'! नाव गमतीचे असले तरी निष्कर्ष गमतीचे नाहीत. आपल्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण तिथल्या गोऱ्या, काळ्या, लॅटिन, चिनी अशा सर्व गटांपेक्षा जास्त निघाले. वजन फारसे नसतानाही.

याचे कोडे उलगडण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम जगभर मानले जाते. २००४ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात एक फोटो छापून आला. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा : २२.३. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघेही उत्तम. पण शरीरातील चरबी मोजली, तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. सारख्या वजनाच्या शरीरात दुपटीहून जास्त चरबी. कारण आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात आतड्यांभोवती साठलेली. बाहेरून बारीक, आतून लठ्ठ.

हे जन्मापासूनच असते हेही त्यांनी दाखवले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी, पोटाच्या अवयवांनी लहान होती. पण पाठीवरची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत होती. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडले, की ते स्नायूंचा खर्च कमी करते आणि चरबी राखून ठेवते, असा त्याचा अर्थ लावतात. पुढे त्याच मुलाला तिशीत मोटारसायकल, बैठी नोकरी आणि रोज संध्याकाळची कचोरी मिळाली, की शिल्लक राखलेली चरबी वाढत जाते. आपल्याकडे सून सगळ्यांत शेवटी, उरलेले जेवते. ती गरोदर असली तरी. या एका रिवाजाची किंमत तीस-चाळीस वर्षांनी आयसीयूत मोजली जाते, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती समजू नका.

या चरबीचा आणि हृदयाच्या संप्रेरकाचा संबंध असा. हे संप्रेरक चरबीच्या पेशींना साठा मोडायला सांगते. पण त्याच पेशींवर या संप्रेरकाला पकडून नष्ट करणारे सापळेही असतात. चरबी वाढली, इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले, की रक्तातील संप्रेरक कमी होते. मीठ बाहेर टाकणारा आणि चरबी मोडणारा रखवालदारच कमजोर पडतो. परदेशात हे वजनाने लठ्ठ असलेल्यांत पाहिले गेले. आपल्याकडच्या वजनाने हलक्या पण पोटाने लठ्ठ माणसातही तेच घडत असावे, असे मानायला जागा आहे. त्यामुळे पोट सुटलेल्या माणसाचा एनटी-प्रोबीएनपी थोडा कमी आला म्हणून त्याच्या दम लागण्याकडे दुर्लक्ष करू नये. लक्षणे असतील तर टूडी इको करून हृदयाचे काम प्रत्यक्ष पाहावे.

मग आपला वंशच खराब आहे का, असे लोक विचारतात. तसे नाही, आणि याला भक्कम पुरावा आहे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातील माणसाला पहिला हार्ट अटॅक येण्याचे सरासरी वय ५३ निघाले, बाकीच्या देशांत ते जवळजवळ ५९. सहा वर्षांचा फरक! पण २००७ साली त्याची फोड करून पाहिली, तेव्हा त्या फरकाचे बरेचसे कारण साधे निघाले. तंबाखू-बिडी, साखर, रक्तदाब, बिघडलेले कोलेस्टेरॉल, पोटाची चरबी, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायाम नसणे. ही सगळी कारणे आपल्याकडे लहान वयातच जमा होतात. रक्त वेगळे आहे म्हणून अटॅक लवकर येतो असे नसून, धोके लवकर गोळा होतात म्हणून तो लवकर येतो. निव्वळ आनुवंशिक भागही थोडा आहे. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातला दोष सुमारे शंभरात चार भारतीयांत असतो व त्यामुळे पुढे हृदय कमजोर होऊ शकते, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणून घरात कोणाचे हृदय लहान वयात निकामी झाले असेल, तर भावंडांनी एकदा इको करून घ्यावा. बाकीच्यांनी जनुकांची काळजी करण्यात वेळ घालवू नये.

बारीक माणसाचे दुखणे

दवाखान्यात रोज दिसणारे चित्र सांगतो. पंचेचाळिशीचा शेतकरी, हातपाय काडीसारखे, सदऱ्याखाली पोट मात्र मडक्यासारखे. छातीत जळजळते, चालताना जबड्यापर्यंत कळ जाते. रात्री शेवभाजी खाल्ली होती, म्हणून दोन दिवस सोडा, ईनो, ॲसिडिटीची गोळी झालेली असते. ईसीजी काढू म्हटले की उत्तर ठरलेले : "डाक्टर, मी ते काडीनागत शे, माले काय व्हनार शे?" आणि सोबत आलेला जाड भाऊ मान डोलावतो, कारण घरात सगळ्यांची काळजी त्या जाड भावाबद्दल असते. चालताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ ही ॲसिडिटी नसते. दाबल्यासारखे दुखणे पंधरा-वीस मिनिटे टिकले, घाम फुटला, तर माणूस बारीक आहे की जाड हे न पाहता १०८ ला फोन करून ईसीजी होईल अशा रुग्णालयात न्यावे. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये.

वजनकाट्यापेक्षा आपल्या लोकांना शिंप्याची टेप जास्त खरे सांगते. टेप कुठे धरायची? पॅन्ट जिथे बांधतात तिथे नव्हे. पॅन्ट पोटाखाली उतरत जाते आणि माणूस वीस वर्षे "माझी कंबर बत्तीसच" म्हणत राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, सहज श्वास सोडून झाल्यावर मोजावे. पुरुषात ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीत ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, यापुढे धोका धरावा. भारतीयांसाठी बीएमआयची रेषाही खाली आणली आहे. २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. तिशी उलटली की रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती तपासून मिळते.

मिठाबद्दल खान्देशात बोलणे म्हणजे वाईटपणा घेणे. शेव, पापड, लोणचे, ठेचा, उन्हाळी वाळवण यांशिवाय आपले ताट पुरे होत नाही. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढे पुरते. भरीत-भाकरी, कळण्याची भाकरी, हिरव्या भाज्या यांना माझा अजिबात विरोध नाही. वर चोळलेल्या मिठाला आणि ताटातल्या तिसऱ्या पापडाला आहे.

हार्ट फेल्युअरसाठी २०१५ पासून सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन या जोडगोळीचे औषध वापरात आहे. ते शरीरातील ही चांगली संप्रेरके लवकर नष्ट होऊ देत नाही. ही गोळी चालू असेल तर साधी बीएनपी तपासणी फुगलेला आकडा दाखवते. म्हणून एनटी-प्रोबीएनपीच करावी. या गोळीबरोबर स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध चालू असेल, किंवा मूत्रपिंड अधू असेल, तर रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. अशा रुग्णांनी केळी किती खावीत हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. रावेर-यावलच्या लोकांना हे ऐकायला जड जाते, पण इलाज नाही.

रिपोर्ट दाखवायला येताना मागचे सगळे रिपोर्ट सोबत आणावेत. छापलेल्या मर्यादेपेक्षा तुमचाच सहा महिन्यांपूर्वीचा आकडा आम्हाला जास्त सांगतो. शक्यतो लॅब तीच ठेवावी. क्रिॲटिनिनचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे आणि कमरेचे माप एका चिठ्ठीवर लिहून आणले, तर त्या महागड्या आकड्याचा अर्थ लावता येतो.